गोधडीला तीट

कुमुदिनीबाईंचा धावदोरा वाकडा जाऊच शकत नव्हता, हीच सगळी अडचण होती. ज्या गुणासाठी शाल-श्रीफळ मिळायचं त्याच गुणापायी एक दिवस आपल्यावर फसवणुकीचा आळ येईल, असं कुणी त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी त्या माणसाला वर्गाबाहेर उभं केलं असतं. अंबरनाथच्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी उभं आयुष्य शिवण शिकवलं. त्यांच्या हाताखालच्या मुली पुढे डॉक्टर झाल्या, वकील झाल्या, एकजण तर परदेशात विमानं दुरुस्त करते. पण आजही बाई समोरून येताना दिसल्या की या मोठाल्या बायका आधी आपल्या ओढणीची कड तपासतात. कारण बाई कपड्याची परीक्षा नेहमी उलट्या बाजूने करायच्या. सुलट बाजू काय, कुणीही सजवतं, असं त्यांचं म्हणणं होतं. हेच माप त्या माणसांनाही लावत, त्यामुळे त्यांच्याकडे येणंजाणं बेताचंच होतं.

दोन हजार आठ सालच्या उन्हाळ्यात या प्रकरणाला तोंड फुटलं, आणि ते फोडलं श्रीपादरावांनी. श्रीपादराव म्हणजे बाईंचे यजमान. तिथल्याच एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं, पण स्टोअर काही त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. घरातल्या तूरडाळीच्या डब्यावर आवक-तारखेची चिठ्ठी असायची. लोणच्याच्या बरणीवर 'जुना माल आधी काढावा' अशी सूचना असायची. बाई ओळखीपाळखीत कुठे बाळ जन्माला आलं की मऊ सुती कापडाची छोटी गोधडी शिवून द्यायच्या. श्रीपादरावांच्या दृष्टीने हा नोंद न होता गेटबाहेर जाणारा माल होता आणि तो विचार त्यांना आतून कुरतडायचा. अशात त्यांनी पेपरात 'हस्तहाट' नावाच्या वेबसाइटबद्दल वाचलं. हाताने केलेल्या वस्तू घरबसल्या विका, गिऱ्हाईक भारतभर.

"कुमुद, आपण मार्केटमध्ये उतरू या," ते म्हणाले.

"आधी गॅसची नळी बदलायला उतरा," बाई म्हणाल्या.

नळी आणायला म्हणून गेलेले श्रीपादराव नळी न आणता स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत दुकानाची नोंदणी करून आले. कॅफे मैत्रेयीचा होता. मैत्रेयी बाईंची विद्यार्थिनी. हुशार मुलगी, बापाच्या पगारात कॉम्प्युटर शिकली, कर्ज काढून कॅफे टाकला, आणि आत शिरताच समोर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याखाली 'मोठ्याने बोलू नये' ही पाटी. सगळ्या विषयांत पहिल्या नंबराने पास होणारी ही मुलगी नववीत फक्त शिवणात नापास झाली होती. तिचं झबलं बाईंनी इतक्यांदा उसवायला लावलं की शेवटी कापड विरून गेलं आणि झबल्याचा रुमाल झाला. बाई ते विसरल्या असाव्यात, असं मैत्रेयीला वाटायचं. ती स्वतः मात्र विसरली नव्हती. तरी बाईंचं दुकान उघडायचं म्हटल्यावर तिने कॅमेरा आणला, गोधड्यांचे फोटो काढले, बाईंचाही काढला आणि त्याखाली 'कारागीर' असं लिहिलं. बाईंनी ते खोडून 'शिक्षिका' लिहायला लावलं.

मालाचं वर्णन मात्र श्रीपादरावांनी लिहिलं, आणि कारखान्याच्या इंग्रजीत लिहिलं. एकसमान दर्जा, शून्य दोष, प्रत्येक नग तंतोतंत सारखा. एवढ्यावर ते थांबले असते तरी निभावलं असतं. पण त्यांनी उल्हासनगरला जाऊन एक रबरी शिक्का करून आणला आणि प्रत्येक गोधडीच्या चिठ्ठीवर बॅच नंबर टाकून खाली 'क्यू. सी. पास' असा ठप्पा मारायला सुरुवात केली. बाळाच्या गोधडीवर असा ठप्पा बघून कुणाला काय वाटेल, हा प्रश्न त्यांना पडला नाही. ठप्पा सरळ बसला होता, म्हणून बाईंनाही पडला नाही.

सुरुवातीला सगळं छान चाललं. कोल्हापूरहून एक गोधडी मागवली गेली, मग नागपूरहून, मग इंदूरहून. कुरिअरवाला दारात आला की श्रीपादराव बनियनवर शर्ट चढवून बाहेर येत आणि त्याच्याशी डिस्पॅच या विषयावर बोलत. बाईंनी वरवर काही दाखवलं नाही, पण इंदूरमधलं एक न पाहिलेलं बाळ आपल्या टाक्यांवर झोपलंय या विचाराने त्यांना मनातून फार बरं वाटायचं. शाळा सुटल्यापासून त्यांचा हात कुणी वाखाणला नव्हता.

आणि मग चंदीगडच्या बाईंची तक्रार आली.

त्या दिवसांत दुपारचं लोडशेडिंग असायचं, त्यामुळे ती मैत्रेयीला संध्याकाळी दिसली. फोन न करता ती कॅफे तसाच टाकून घरी आली. चंदीगडच्या बाईंनी लिहिलं होतं की ही वस्तू हाताने केलेली असूच शकत नाही. टाके सगळे सारखे आहेत, ओळी पट्टीने आखल्यासारख्या आहेत, आणि वर बॅच नंबरसुद्धा आहे. जवळच उल्हासनगर आहे हे आम्हाला ठाऊक आहे. तिथे सगळ्याचा डुप्लिकेट बनतो. आमची फसवणूक झाली आहे.

"म्हणजे माझे टाके चांगले आहेत अशी तक्रार आहे?" बाईंनी विचारलं.

"तसंच आहे बाई," मैत्रेयी म्हणाली. "पण हस्तहाटवाल्यांनी तुमच्या नावापुढे पिवळा त्रिकोण टाकलाय. पंधरवड्यात आपण सिद्ध केलं नाही तर त्रिकोण लाल होणार, दुकान बंद करणार आणि फोटोखाली लिहिणार, बनावट."

"फोटोखाली म्हणजे माझ्या फोटोखाली?"

"हो बाई. आणि ते राहतं तसंच. कुणीही बघू शकतं."

कुणीही म्हणजे कोण, हे बाईंच्या डोळ्यांपुढे लगेच उभं राहिलं. ती डॉक्टर, ती वकील, ती विमानं दुरुस्त करणारी. उलटी बाजू बघायला आपण ज्यांना शिकवलं त्या सगळ्याजणी आता आपलीच उलटी बाजू बघणार. दुकान बंद पडलं असतं तर त्यांना चार दिवस वाईट वाटलं असतं. पण बनावट हा शब्द त्या फोटोखाली कायमचा राहणार होता. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, आणि श्रीपादरावांनी त्यांच्या वाटची आमटी 'शिल्लक' अशी चिठ्ठी लावून फ्रिजमध्ये ठेवली.

सकाळपर्यंत बातमी सोसायटीभर झाली. तळमजल्यावरचे विष्णुपंत वर आले. विष्णुपंतांनी एका कार्यालयात दाखले देण्यात जन्म घालवला होता आणि जगातलं कुठलंही दुःख योग्य दाखल्याने दूर होतं असा त्यांचा अनुभव होता.

"वहिनी, रडायचं कारण नाही. हस्तशिवणाचा दाखला काढायचा."

"मी रडत नाहीये. असा दाखला असतो?"

"मागितला की असतो."

विष्णुपंत श्रीपादरावांना घेऊन कार्यालयात गेले. तिथल्या बाबूंनी अर्ज दोनदा वाचला. जन्माचा दाखला आम्ही देतो, मृत्यूचा देतो, माणूस इथेच राहतो याचाही देतो, पण वस्तू हाताने शिवली याचा कसा देणार, असं ते अगदी सौजन्याने म्हणाले. विष्णुपंतांनी शेजारच्या टेबलाकडे मोर्चा वळवला. शेजारच्या टेबलाने सुचवलं की हाताने शिवल्याचा देता येत नसला तरी मशीनने न शिवल्याचा विचार करता येईल, पण त्यासाठी घरात मशीन नसल्याचा दाखला लागेल. इथे श्रीपादरावांनी अत्यंत अभिमानाने सांगितलं की घरात मशीन आहे, पायाचं आहे, त्यांच्या लग्नातलं आहे आणि अजून झकास चालतं. विष्णुपंतांनी त्यांच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता. अर्ज परत मिळाला.

बाईंनी स्वतः दुसरा मार्ग धरला. त्या उल्हासनगरला मुकेशच्या दुकानात गेल्या. मुकेश कटपीसवाला. कॅम्पातल्या त्याच्या दुकानातून बाई गेली कित्येक वर्षं कापड घेत होत्या आणि इतकी वर्षं त्याच्या कापडात आडवे-उभे धागे मोजत होत्या, तरी दोघांचा एकमेकांवर जीव होता. आपण हातानेच शिवतो हे मुकेशने लिहून द्यावं, अशी बाईंची अपेक्षा होती. मुकेशने सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि आवाज खाली आणला.

"मॅडम, लिखके क्या होगा? तुम्ही प्रॉब्लेमला उलटा पकडलाय. पब्लिकला हाताचा माल नाय पायजे. हात का लुक पायजे." त्याने कपाटातून एक रजई काढून गल्ल्यावर पसरली. "बघा. टेढी शिलाई. एकदम गावातल्या म्हातारीने बनवला वाटतो ना? मशीनचा है. नया सेटिंग आया है."

बाईंनी रजई उलटी केली. चष्मा वर सरकवून बघितली, मग वीतभर अंतरावर परत बघितली.

"मुकेश, हे इथे डावीकडे घसरलंय, बघ. आणि वीतभर पुढे परत तसंच घसरलंय. त्याच्यापुढे परत. ही म्हातारी ठरवून तोल सोडते."

मुकेशने वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारला. "मॅडम, तुम्ही पहिला गिऱ्हाईक ज्याने पकडलं. कुणाला बोलू नका." मग तो खरोखरच्या काळजीने म्हणाला, "पण एक काम करा. थोडा वाकडा तुम्हीच शिवा ना. इज्जतीचा सवाल है."

उल्हासनगरहून परत येताना रिक्षात बाईंच्या डोक्यात तेच घोळत होतं. वाकडं शिवायचं. म्हणजे जे करू नये म्हणून पोरींच्या बोटांवर पट्टी मारली, ते आता आपण करायचं. तरी त्यांनी प्रयत्न केला, ही गोष्ट मान्य करायला हवी. पहिल्यांदा चष्मा काढून शिवलं. ओळ सरळ आली. मग डाव्या हाताने शिवलं. सावकाश आली, पण सरळ आली. मग ठरवून एक टाका मोठा आणि एक छोटा असं घातलं, तर मोठे सगळे एकसारखे मोठे आणि छोटे एकसारखे छोटे येऊन त्याची सुरेख नक्षी झाली. श्रीपादरावांनी तिला वेगळा बॅच नंबर द्यायची तयारी दाखवली तेव्हा बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते बाल्कनीत जाऊन कुंड्या मोजायला लागले.

तेवढ्यात हस्तहाटचा निरोप आला. मैत्रेयीने त्यांच्याशी इतकं भांडण काढलं होतं की कंपनीने एक बाई प्रत्यक्ष बघायला पाठवायचं कबूल केलं. गुरुवारी सकाळी प्रतिनिधी घरी येईल, शिवताना बघेल, फोटो काढेल आणि मग त्रिकोण पुसायचा की लाल करायचा ते ठरेल.

बुधवारी बाईंना बदलापूरला जायचं होतं, बहिणीच्या नातवाचं बारसं होतं. श्रीपादरावांना कल्पना सुचली की अंबरनाथ-बदलापूर रस्त्याला जे खड्डे आहेत त्यांचा एरवी काही उपयोग नाही, तर बाईंनी रिक्षात बसून शिवावं. एरवी बाईंनी ऐकलं नसतं, पण आता त्या कशालाही तयार होत्या. शेअर रिक्षात त्यांनी सुई काढली. शेजारी बसलेला गृहस्थ पहिल्याच खड्ड्यात त्यांच्या सुईवर आला आणि पुढचा सगळा प्रवास त्याने रिक्षावाल्याच्या शेजारी अर्धं अंग बाहेर काढून केला. बाईंनी बदलापूरला उतरून कापड उलटं करून बघितलं. ओळ सरळ होती. ती बघून त्यांना अभिमान वाटला आणि लगेच रडूही आलं, आणि बारशात सगळ्यांना वाटलं की मावशी नातवाचं तोंड बघून गहिवरल्या.

"ताई, नाव काय ठेवलं ते तरी ऐकलंस का?" धाकट्या बहिणीने, उमाने, विचारलं. बाईंनी ऐकलं नव्हतं.

इकडे श्रीपादराव घरात एकटे होते. एकट्याने घरात बसून ते फार अस्वस्थ झाले. बायको कधी उपाशी झोपत नाही, ती त्या रात्री झोपली होती, आणि शिक्का आपण मारला होता. ही गोष्ट त्यांच्या इतके दिवस लक्षात आली नव्हती, ती त्या दुपारी पंखा बंद असताना एकदम लक्षात आली. समोर उद्याची अर्धी गोधडी घडी करून ठेवलेली होती. त्यांनी दाराला कडी लावली.

गुरुवारी सकाळी बाई शिवमंदिरात गेल्या. त्या फारशा देवाधर्मातल्या नव्हत्या, पण त्या दिवशी गेल्या. त्या गेल्या हे बघून विष्णुपंत वर आले.

"श्रीपादराव, ते मशीन. ती कंपनीची बाई आली आणि तिने मशीन बघितलं की संपलं. माझ्याकडे खाली न्या."

"कुमुदला आवडणार नाही."

"लाल त्रिकोण आवडेल का?"

लग्नातलं मशीन, लोखंडी पायासकट, दोन ज्येष्ठ नागरिकांनी जिन्यावरून उतरवायचं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. पहिल्या वळणावर चाक निसटलं. दुसऱ्या वळणावर विष्णुपंतांच्या कमरेने जागा सोडली आणि मशीन आडवं होऊन कठड्यात असं बसलं की ना वर जाईना ना खाली. दोघे तसेच धरून उभे राहिले. तेवढ्यात खालून जीन्स घातलेली, खांद्याला मोठी बॅग लावलेली एक मुलगी आली.

"काका, हेल्प करू का? तुम्ही वरून धरा, मी खालून पकडते." तिने बॅग पायरीवर ठेवली आणि पायाची बाजू उचलली. "कुठे न्यायचंय?"

"तळमजल्यावर. लवकर," विष्णुपंत म्हणाले.

"ओके. आणि काका, इथे कुमुदिनी देवस्थळी कुठे राहतात? मी हस्तहाटमधून आलेय. प्रीती."

देवळातून परतलेल्या बाई जिन्याच्या तोंडाशी पोचल्या तेव्हा हे दृश्य होतं. वर श्रीपादराव, मध्ये मशीन, खाली कंपनीची प्रतिनिधी, आणि कठड्याला टेकून डोळे मिटलेले विष्णुपंत. प्रीतीच्या मागून मैत्रेयीही धापा टाकत आली होती. बाईंनी एका नजरेत सगळं ओळखलं. इतकी वर्षं वर्गात मागच्या बाकावर काय चाललंय हे ओळखण्यातच गेली होती.

"मशीन माझं आहे," त्या प्रीतीला म्हणाल्या. "ब्लाउज त्याच्यावर शिवते. गोधडी हाताने शिवते. लपवण्यासारखं काही नाही. श्रीपादराव, वर घ्या ते."

नवऱ्याला त्या चारचौघांत नावाने हाक मारत नसत. ती मारली म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे सगळ्या जिन्याला कळलं. मशीन वर गेलं.

मग तपासणी झाली. वीज गेलेली, म्हणून बाई खिडकीशी बसल्या. सोसायटीतल्या बायका दारात दाटीवाटीने उभ्या राहिल्या. बाईंनी सुईत दोरा ओवला आणि गोधडीवर धावदोरा घालायला घेतला. ओळ नेहमीसारखीच सरळ निघाली. प्रीती बघत राहिली. तिने खाली बसून बघितलं, कॅमेऱ्यातून बघितलं.

"आंटी, मस्त. म्हणजे मी बघितलं ना, मला पटलं. पण प्रॉब्लेम काय आहे, रिपोर्टमध्ये फक्त फोटो जातो. आणि फोटोत हे मशीनचंच दिसतंय." तिला खरंच वाईट वाटत होतं. "हाताचं काहीतरी दिसायला पाहिजे. थोडं माणसाचं."

"म्हणजे मी माणूस नाही," बाई म्हणाल्या. त्या रागावून म्हणाल्या नाहीत.

प्रीतीने काहीतरी करायचं म्हणून गोधडीची उरलेली घडी उलगडली. आतला कोपरा बाहेर आला.

त्या कोपऱ्यात जे होतं त्याला शिवण म्हणणं कठीण होतं. ओळी निघाल्या एकीकडे आणि पोचल्या भलतीकडे. एक टाका बोटभर, पुढचा मुंगीएवढा. मध्येच दोरा संपला असावा, तिथे बोराएवढी गाठ होती. एका जागी तर कारागिराने गोधडी स्वतःच्या लेंग्याला शिवून मग कापून सोडवली असावी, कारण लेंग्याचा पांढरा तुकडा अजून तिथेच होता.

"हे!" प्रीती म्हणाली. "आंटी, हेच पाहिजे होतं. हे तुम्ही केलंय?"

'हो म्हणा वहिनी,' असं विष्णुपंत जमिनीवर आडवे पडल्या पडल्या पुटपुटले. एक हो म्हटलं की त्रिकोण जाणार होता, नाव वाचणार होतं. बाईंनी कोपरा पाहिला आणि त्यांच्या अंगावर काटा आला. हे आपलं म्हणायचं? आयुष्यभर जे उसवायला लावलं ते?

"नाही. माझं नाही," त्या म्हणाल्या.

सगळे श्रीपादरावांकडे बघायला लागले. श्रीपादराव बंद पंख्याकडे बघत होते.

"अरे देवा, श्रीपादराव," विष्णुपंतांना कमरेच्या दुखण्यातही हसू आवरेना, "ही काय उंदराची शिलाई आहे का?" दारातल्या बायका हसल्या, प्रीतीही हसली. श्रीपादरावांचे कान लाल झाले. त्यांनी हात पाठीमागे नेला, पण बाईंना अंगठ्यावरची पट्टी दिसलीच. काल रात्री त्यांनी भाजी चिरताना सुरी लागली म्हणून सांगितलं होतं. लग्न झाल्यापासून त्यांनी भाजी चिरली नव्हती, आणि हे आपल्या कालच लक्षात कसं आलं नाही याचं बाईंना नवल वाटलं. आपल्यासाठी हा माणूस कडी लावून स्वतःचा लेंगा शिवत बसला.

"हसायला काय झालं?" बाईंनी वर्गातला आवाज काढला आणि हसू जागच्या जागी थांबलं. "ती तीट आहे."

"काय आहे?" प्रीतीने विचारलं.

"तीट. बाळ सजवून झालं की गालावर काजळाचा ठिपका लावतो की नाही? नजर लागू नये म्हणून. गोधडीचंही तसंच. सगळी गोधडी नीट शिवायची आणि एक कोपरा घरातल्या दुसऱ्या माणसाने वाकडा शिवायचा. आमच्याकडची रीत आहे." असं काहीही त्यांच्याकडे नव्हतं. बाई आयुष्यात पहिल्यांदा इतकं मोठं खोटं बोलल्या आणि तेही एका दमात, सरळ.

प्रीती भराभर लिहून घेत होती. मैत्रेयीने संधी साधून पुढे होऊन सांगितलं की कारागीर म्हणून दोघांचीही नावं टाका. श्रीपादराव पंख्याकडे बघायचे थांबून बायकोकडे बघत होते.

बाईंनी त्याच संध्याकाळी बदलापूरला फोन लावला. "उमा, आपल्या आईकडे गोधडीला तीट लावायची अशी काही रीत होती का गं?"

"छे. नव्हती बाई."

"मी आहे म्हणून सांगितलं."

"मग आता आहे," उमा म्हणाली. "आणि नातवाचं नाव श्रीरंग आहे. लक्षात ठेव."

त्रिकोण गेला. त्याच्या जागी हिरवी खूण आली आणि बाईंच्या गोधडीखाली 'तीट' हा शब्द छापून आला, शेजारी कोपऱ्याचा फोटो. मग जी मागणी सुरू झाली तिच्यापायी श्रीपादरावांना शिक्का मारायला वेळ उरला नाही. कुणी लिही की तीट जरा मोठी करा. कुणाला तीट निळ्या दोऱ्यात हवी होती. चंदीगडच्या बाईंनी तर पहिली गोधडी पार्सलने परत पाठवली आणि तिलाही तीट लावून मिळेल का अशी विनंती केली. सोसायटीत लोक आता बाईंच्या टाक्यांबद्दल बोलत नसत, सगळे श्रीपादरावांना हात दाखवायला सांगत. बाईंना ते लागायचं. पण रात्री जेवताना ते सुई बोचू नये म्हणून घालायचं टोपण अंगठ्याला घालूनच बसायचे, जेवून लगेच कोपरा घ्यायला मोकळे, ते बघून त्या काही बोलत नसत.

असे चार-सहा महिने गेले आणि एके दिवशी बाईंनी कोपरा उलटा केला तर टाके सरळ होते.

"अहो, हे काय केलंत?"

"जमलं ना?" श्रीपादरावांचा चेहरा फुलला होता. "म्हटलं तुला सांगायचं नाही, एकदम दाखवायचं. कसं आलंय?"

बाईंनी बघितलं. खरं सांगायचं तर सुरेख आलं होतं. दिवाळीतली पणती लावावी तसा एकेक टाका बसला होता.

"उसवा," त्या म्हणाल्या.

"सरळ आलंय म्हणून उसवू?"

"हो."

श्रीपादरावांनी उसवलं आणि परत शिवलं. परत सरळ आलं. हात बिघडवायला बसले की तो आणखी सुधारायचा. चार दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत आणि चिठ्ठ्या लावायचेही बंद झाले. घरात आता दोन सरळ हात होते आणि मागण्या तिटेच्या पडून होत्या.

पाचव्या दिवशी बाई गोधडी पिशवीत घालून मैत्रेयीच्या कॅफेत गेल्या. आत गिऱ्हाइकं होती. बाईंनी तिच्या टेबलावर गोधडी ठेवली.

"नववीत तुझं झबलं मी नापास केलं होतं ना?"

मैत्रेयीने मान खाली घातली. "हो बाई."

"त्यानंतर सुई हातात धरलीस का?"

"नाही बाई. शप्पथ."

"बरं झालं," बाई म्हणाल्या आणि तिच्या हातात सुई दिली. "हा कोपरा घाल."

मैत्रेयीने जीभ दातांत धरून कोपरा घातला. एका माणसाला प्रिंट काढून हवी होती, तो उभाच राहिला. शिवून झाल्यावर तिने गोधडी पुढे केली आणि पूर्वीसारखीच डोळे खाली करून उभी राहिली. बाईंनी चष्मा वर सरकवला, कोपरा उलटा केला, खिडकीकडे धरून नीट बघितला. एक ओळ दुसरीवर चढली होती. तिसरी मध्येच हरवली होती. मैत्रेयीचा हात सवयीने आपोआप कात्रीकडे गेला, उसवायला.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "हे उसवायचं नाही. हे छान आहे."

मैत्रेयीने कात्री खाली ठेवली. मग बाबासाहेबांच्या तसबिरीखालची स्वतःचीच पाटी विसरून तिने सगळ्या कॅफेला ऐकू जाईल असं मोठ्याने सांगितलं, "थोडा वेळ नेट बंद आहे. बाईंनी मला पास केलंय."